मैत्रिणीच्या लॅपटॉपसाठी लिनक्स निवडताना

विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. वर्सोव्यात यारी रोडला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा लॅपटॉप अजून ठणठणीत आहे, पण त्याचा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत नाही. असं चालतं मशीन भंगारात जाऊ नये, म्हणून त्यावर लिनक्स बसवायची ही कृती.

आधी तिच्या शेजारी बसून ती रोज काय काय उघडते ते पाहा. ब्राउझर, व्हॉट्सॲप वेब, पत्रं, हिशेबाचा तक्ता एवढंच असेल तर बिनधास्त पुढे जा. टॅली किंवा डिजिटल सहीचा टोकन वापरात असेल तर त्या कामासाठी विंडोज ठेवावंच. जुन्या मराठी फायली मात्र एकेक उघडा. श्रीलिपी, आकृतीसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर लिनक्सवर निव्वळ चिन्हांची गिचमीड दिसतो. विंडोज आहे तोवरच तो युनिकोडमध्ये बदलून घ्या, सोबत पीडीएफही काढा. ही पायरी हमखास गाळली जाते आणि सोसायटीची इतिवृत्तं, आईच्या कथा अडकून पडतात.

निवड करताना तुम्ही स्वतः जे वापरता तेच तिला द्या. रात्री तिचा फोन आला की तिच्यासमोरची स्क्रीन तुमच्या डोळ्यांपुढे उभी राहायला हवी. तुमचं काही ठरलेलं नसेल तर लिनक्स मिंट घ्या. मेन्यू विंडोजसारखाच डाव्या कोपऱ्यात असतो आणि मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट मिळतील. रॅम ४ जीबीच असेल तर सिनॅमनऐवजी एक्सएफसीई आवृत्ती बरी.

८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफस या प्रोग्रामने मिंट उतरवा. लॅपटॉप सुरू होताना एफ१२ (एचपीवर एफ९) दाबून पेनड्राइव्ह निवडा. काहीही इन्स्टॉल न करता मिंट चालू होईल, जरा संथ. वायफाय, आवाज, कॅमेरा, घरचा प्रिंटर तपासा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीसाठी इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही आहेत. तिचा हात जिच्यावर बसला आहे ती मांडणी जोडा. मग माउस तिच्या हाती द्या आणि तासभर मध्ये पडू नका.

तिला रुचलं तर सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर घेऊन, त्या उघडतात याची खात्री करून मगच इन्स्टॉल करा. लगेच टाइमशिफ्ट चालू करा. एखाद्या अपडेटने बिघाड झाला तर सिस्टिम मागच्या स्थितीत नेता येते. फायलींचा बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो, हे तिला सांगा. लिब्रेऑफिस शिकायला पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे मराठी धडे फुकट आहेत. त्यांचा बुकमार्क तिच्या ब्राउझरमध्ये करून द्या.