लहान गोदामाकरिता विजेचा पॅलेट ट्रक कसा निवडावा

सोयाबीन व तूर यांचा हंगाम आला म्हणजे गावोगावच्या लहान गोदामांतून एकच धांदल उडते. आलेली पोती दारापासून थप्पीपर्यंत न्यावयाची आणि विक्रीच्या वेळी तीच पुन्हा दारापर्यंत आणावयाची, यांत हमालांच्या पाठी आणि सभासदांचा पैसा दोन्ही झिजतात. याकरिता विजेवर चालणारा लहान पॅलेट ट्रक घ्यावा काय, आणि घ्यावयाचा तर कोणता, याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

पॅलेटखाली दोन लांब पाती सारून ती सुमारे १२ सेंटिमीटर उचलणे व भार जागेवरून हलविणे, एवढेच या यंत्राचे काम. उंच थप्पी रचणे याच्याने होत नाही. त्यास स्टॅकर हे निराळे यंत्र लागते. हा भेद न जाणता घेतलेले यंत्र पुढे निरुपयोगी वाटू लागते.

आमच्या संस्थेनेही प्रारंभी एक चूक केली. केवळ भारक्षमतेचा आकडा पाहून आम्ही मोठे यंत्र आणविले. ते भार उचली. परंतु थप्प्यांमधील गल्लीत वळेना आणि दारातील चढ चढेना. पहिला हंगाम ते कोपऱ्यात उभे राहिले व पोती पूर्ववत् पाठीवरूनच गेली. म्हणून आमचे पहिले सांगणे हेच की, यंत्र पाहण्यापूर्वी गोदाम मोजावे.

भार. ५० किलोची पाच पोती एका थरात, असे चार थर लाविले म्हणजे एका पॅलेटवर २० पोती, अर्थात् १० क्विंटल माल होतो. यास १२०० ते १५०० किलो क्षमतेचे हलके यंत्र पुरेसे आहे. दिवसास २०० क्विंटल आवक असेल तर अशा २० फेऱ्या होतील. फेऱ्या याहून पुष्कळ कमी, अंतर थोडे आणि फरशी सपाट असेल, तर हाताने ओढावयाचा पॅलेट ट्रकच घ्यावा. तो स्वस्त पडतो व त्यास बॅटरी नाही.

गल्ली व पॅलेट. १२०० मिलिमीटर लांबीचे पॅलेट घेऊन काटकोनात वळावयास हलक्या यंत्रासही साधारणतः दोन मीटर किंवा किंचित अधिक रुंदी लागते. माहितीपत्रकातील आकडा घेऊन फरशीवर खडूने गल्ली आखावी, आणि विक्रेत्याने भरलेले पॅलेट तेथे प्रत्यक्ष वळवून दाखविल्यावाचून पैसे देऊ नयेत. पॅलेटही तपासावे. ज्यांच्या तळाशी सर्वत्र फळ्या ठोकलेल्या असतात, त्यांत यंत्राची पुढील चाके जमिनीस टेकत नाहीत व पॅलेट मोडते.

फरशी व चढ. पुष्कळ हलक्या यंत्रांस भरल्या भाराने शेकडा ४ ते ६ एवढाच चढ झेपतो. दाराचा उंबरा १५ सेंटिमीटर उंच आणि रॅम्प दीड मीटर लांब असेल, तर तो चढ शेकडा १० होतो. तोच रॅम्प तीन मीटर लांब बांधिला म्हणजे चढ शेकडा ५ वर येतो. जास्त शक्तीचे यंत्र घेण्यापेक्षा चार पोती सिमेंट पुष्कळदा स्वस्त पडते. कोबा उखडलेला असेल तर तो आधी दुरुस्त करावा. लहान चाके खड्ड्यात अडकतात.

बॅटरी. २४ व्होल्ट व २० अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरावयास सुमारे अर्धे युनिट वीज लागते. तेव्हा विजेच्या खर्चाची चिंता नको. चिंता बॅटरीच्या आयुष्याची करावी. शिशाची बॅटरी अर्धवट उतरलेली ठेविल्यास लवकर खराब होते व भरावयास रात्र घेते. लिथियमची बॅटरी महाग, परंतु जेवणाच्या सुट्टीतही थोडीफार भरता येते. वीज अवेळी येणाऱ्या गावांत हा गुण मोठा आहे. काढून बदलता येणारी बॅटरी मिळत असल्यास तीच पसंत करावी.

धान्यगोदामापुरती आणखी एक दक्षता सांगणे अवश्य आहे. किडीच्या बंदोबस्ताकरिता अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांची धुरी देतात. तिच्यातून निघणारा वायू तांब्यास खातो व विजेच्या उपकरणांची नासाडी करतो. याकरिता धुरीपूर्वी यंत्र, बॅटरी व चार्जर ही तिन्ही बाहेर काढावीत.

माणसे. दांड्याच्या टोकाशी पोटास लागताच यंत्र उलट सरकविणारी कळ आणि तात्काळ थांबविणारे लाल बटन, ही दोन्ही चालू आहेत की नाहीत हे घेतेवेळी व पुढे रोज सकाळी पाहावे. यंत्रावर कोणासही उभे राहू देऊ नये. १९६९ च्या माथाडी कायद्याखाली नोंदलेले हमाल जेथे काम करतात, तेथे खरेदीपूर्वी त्यांच्या टोळीशी बोलावे आणि यंत्र चालविण्याचे शिक्षण त्यांसच द्यावे. पोत्याचे वजन ज्याने पाठीवर तोलले आहे, त्याच्या हाती यंत्र जपून चालते, असा आमचा अनुभव आहे.

आमच्या येथे पुढे रॅम्प लांबविला, थप्प्या सरकवून गल्ली रुंद केली, आणि तेच यंत्र चालू लागले. हा खर्च व एक हंगाम आमच्या अज्ञानापायी गेला. वाचकांनी मोजपट्टी व खडू घेऊन एक सकाळ गोदामात घालविली, तर त्यांचा तो वाचेल.