एकाच कॅलिबरचे पुस्तक वापरताना

रिकाम्या पितळी पुंगळीत नवी टोपी, मोजलेली दारू आणि गोळी बसवून काडतूस पुन्हा भरणे, म्हणजेच रीलोडिंग, हा अमेरिकेत अनेक नेमबाजांचा घरगुती छंद आहे. त्यांच्यासाठी एकेका कॅलिबरची स्वतंत्र पुस्तके मिळतात. निरनिराळ्या दारू आणि गोळी उत्पादकांचे तक्ते त्यांत एकत्र असतात. शोधाशोध वाचते, खर्चही कमी.

धोका याच सोयीत आहे. प्रत्येक तक्ता हा एका चाचणीचा निकाल असतो. पुंगळी, टोपी, गोळी, नळीची लांबी, सगळे त्या चाचणीपुरते ठरलेले. पुढच्या पानावर तेवढ्याच वजनाच्या गोळीला दुसऱ्या उत्पादकाने कमाल माप निराळे दिलेले असते. दोन्हींचा मध्य काढणारे नेमबाज प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आहेत. तो मध्य कुणीच तपासलेला नसतो. ३०८ विंचेस्टरची लष्करी पुंगळी बहुधा जाड असते, आत जागा कमी; तेवढ्याच दारूने दाब वाढतो. नावेही फसवतात: आयएमआर ४३५० आणि एच ४३५० या दोन वेगळ्या दारू आहेत, एकीचे माप दुसरीला चालत नाही.

म्हणून पुस्तकाचे छपाईवर्ष आधी पाहावे आणि प्रत्येक माप दारू उत्पादकाच्या ताज्या तक्त्याशी ताडावे. सुरुवात किमान मापापासूनच करावी. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा असावा. अशा पुस्तकांत मुख्यतः आकडे असतात. हाताची कृती आणि जादा दाबाच्या खुणा शिकवणारे सर्वसाधारण मॅन्युअल सोबत हवेच.

हे सगळे अमेरिकेतले; भारतात, आर्वीसारख्या भागातल्या शेतकऱ्यासाठी मात्र प्रश्न मापाच्याही आधी कायद्याचा आहे. रानडुकरे आणि रोह्यांपासून पीक राखायला बाराबोरचा परवाना असला, तरी काडतुसे भरण्याचा हक्क त्यात येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५नुसार दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याच्या उल्लंघनाला किमान ७ वर्षे, कमाल जन्मठेप आहे. परदेशातले पुस्तक नातेवाइकाने आणून दिले, म्हणून यात काहीही बदलत नाही.

जुनी, न उडालेली काडतुसे फोडून दारू काढणे तर जिवावरचेच. आर्वीजवळच्या पुलगावात २० नोव्हेंबर २०१८ रोजी निकामी करायला आणलेल्या जुन्या दारूगोळ्याच्या स्फोटात ६ जणांचा बळी गेला. घरात अशी काडतुसे सापडली, तर ती उघडू नयेत; पोलीस ठाण्याला कळवून त्यांच्या सांगण्याप्रमाणे जमा करावीत.