ग्रामपंचायतीचा निधी आणि आपली बौद्धवाडी

विश्वभूषण बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे आपल्या वाडीतील लहान मूलही सांगेल. परंतु त्या ओंजळीच्या मागे सरकारी अनुदानाचाही एक प्रश्न होता, हे मोठ्यांनाही सहसा ठाऊक नसते. ग्रामपंचायतीचा निधी या रुक्ष विषयावर लिहिताना सुरुवात तेथूनच करणे मला योग्य वाटते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडून मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवली जाणारी पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपले तळे खुले असल्याचा ठरावही केला. पाणी मात्र मिळेना. म्हणून ऑगस्ट १९२६ मध्ये बोले यांनी दुसरा ठराव आणला, की ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे याचा अंमल करणार नाहीत त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. म्हणजे अनुदानाचा लगाम हाती धरून हक्क मिळवून द्यावा, हा विचार आपल्याच जिल्ह्याच्या लढ्याच्या आधी होऊन गेलेला आहे. तरीही तळे बंदच राहिले. शेवटी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेला आलेली माणसे चालत तळ्यावर गेली. त्यानंतर नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा आपल्या बाजूचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. ठरावापासून निकालापर्यंत जवळजवळ १४ वर्षे.

या इतिहासातील ‘सार्वजनिक पैशातून’ हे दोन शब्द आपल्या विषयासाठी फार महत्त्वाचे आहेत. आपण ‘अनुदान’ म्हणतो आणि त्यात ‘दान’ हा शब्द असल्यामुळे की काय, सरपंचांनी किंवा आमदारसाहेबांनी आपल्यावर उपकार केल्यासारखे हार घालतो. वास्तविक तो पैसा कराचा आहे आणि त्यातला काही भाग आपल्या वस्तीसाठी नियमाने राखून ठेवलेला आहे.

कोणता भाग, ते थोडक्यात पाहू. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम अनुसूचित जाती, जमाती व नवबौद्ध यांच्यासाठी खर्च करायची असते. घरपट्टी वगैरेतून वर्षाला ४ लाख जमत असतील तर ६०,००० रुपये. जिल्हा परिषदेला आपल्या उत्पन्नातील २० टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी ठेवावी लागते. याशिवाय केंद्रीय वित्त आयोगाचा निधी येतो. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील निधीपैकी ६० टक्के पाणी व स्वच्छता यांसाठी बांधलेला होता आणि ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरण्याचा होता. महाराष्ट्रात या निधीतले ८० टक्के थेट ग्रामपंचायतीला आले. खासदार व आमदार निधी निराळा. आणि आपल्याला सर्वांत जवळची म्हणजे जुनी दलित वस्ती सुधार योजना. ही १९७४ पासूनची. हल्ली तिला अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करणे असे लांबलचक नाव आहे, पण वाडीत अजून ‘दलित वस्तीचे पैसे’ असेच म्हणतात. वाडीतील अंतर्गत रस्ता, गटार, पाण्याची सोय, दिवाबत्ती, समाजमंदिर ही कामे तिच्यातून होतात.

या शेवटच्या योजनेचे गणित विद्यार्थ्यांनी वहीत मांडून पाहण्यासारखे आहे. ५ डिसेंबर २०११ च्या शासन निर्णयाप्रमाणे पाच वर्षांसाठी वस्तीची मर्यादा अशी होती : लोकसंख्या १० ते २५ असेल तर २ लाख, २६ ते ५० ला ५ लाख, ५१ ते १०० ला ८ लाख, १०१ ते १५० ला १२ लाख, १५१ ते ३०० ला १५ लाख आणि त्यापुढे २० लाख. हे आकडे त्या निर्णयातील आहेत. प्रस्ताव करताना चालू दर पंचायत समितीत विचारून घ्यावेत. आमच्या धंद्यात ज्याला स्लॅब म्हणतात तोच हा प्रकार. ४८ माणसांच्या वाडीला ५ लाख आणि ५२ माणसांच्या वाडीला ८ लाख. चार माणसांवर ३ लाखांचा फरक! एका घरातील दोन मुलगे व दोन सुना यादीत आहेत की नाहीत, यावर गटार होणार की नाही हे ठरते.

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहा. अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांतील कोणत्याही बौद्धवाडीत माघ महिन्यात चक्कर मारा. वीस घरांपैकी आठ-दहांना कुलूप. पूर्वी माणसे गिरणीत आणि गोदीत गेली, आता वसई, नालासोपारा, कल्याणकडे असतात. ती येतात भीमजयंतीला, बुद्धपौर्णिमेला आणि मे महिन्याच्या सुट्टीत. जनगणनेची गणती मात्र फेब्रुवारीत होते. २०११ मध्ये ती ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली, तेव्हा आपला मुंबईकर मुंबईत मोजला गेला. तो तेथे राहतो, तेथे मोजला जाणे बरोबरच आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण मागे वाडीत कोण राहिले? साठी उलटलेल्या आया, एखादा अपंग भाऊ, विधवा सून, शाळेतली दोन-चार मुले. म्हणजे ज्यांना नळ दारात हवा, पाखाडीला कठडा हवा आणि रात्री दिवा हवा, नेमकी तीच माणसे राहिली. डोकी कमी झाली म्हणून निधी कमी झाला, गरज मात्र वाढली. दरडोई हिशेब केला तर लहान वाडीला जास्त पैसे मिळतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १० माणसांना २ लाख म्हणजे दरडोई २०,००० आणि ३०० माणसांना १५ लाख म्हणजे दरडोई ५,०००. परंतु विहीर दरडोई खोदता येत नाही. दहा माणसांची असो की शंभरांची, तिला तेवढेच हात खोल जावे लागते.

येथे दीघनिकायातील कूटदंत सुत्ताची आठवण होते. महाविजित राजाला यज्ञ करायचा असतो, तेव्हा त्याचा पुरोहित त्याला वेगळाच सल्ला देतो. शेती व गुरे राखणाऱ्यांना बी-बियाणे आणि चारा द्या, व्यापार करणाऱ्यांना भांडवल द्या, राजसेवेत असणाऱ्यांना अन्न व वेतन द्या, म्हणजे राज्यातील दंगेधोपे आपोआप थांबतील. राजा तसे करतो आणि लोक सुखी होतात. या कथेत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही, की पुरोहिताने माणसे मोजली नाहीत, तर कोणाला काय लागते हे पाहिले. दुसरी ही, की त्यात वेतनाचाही उल्लेख आहे. वित्त आयोगाच्या न बांधलेल्या निधीतूनही पगार व आस्थापना यांवर खर्च करता येत नाही, आणि वस्ती विकासाचा निधी तर बांधकामाचाच. थोडक्यात, निधी भिंत उभी करून देतो, पण त्या भिंतीच्या आत झाडू मारणाऱ्याची मजुरी देत नाही.

माझ्या माहितीतील एका वाडीची हकीकत सांगतो. नाव लिहीत नाही, कारण तशा वाड्या पुष्कळ आहेत. तेथे निधीतून समाजमंदिर झाले. उद्घाटनाला मुंबई शाखेने मोटार करून माणसे आणली, भोजनदान झाले, फलक लागला. पुढे विजेचे बिल कोणी भरायचे, यावर ग्रामीण शाखा आणि मुंबई शाखा यांच्यात पत्रव्यवहार चालू राहिला आणि तो संपण्यापूर्वी जोडणी तोडली गेली. नंतर ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आले आणि छपराचे पत्रे वाडीबाहेर जाऊन पडले. दुरुस्तीसाठी ग्रामपंचायतीत गेलो तर उत्तर मिळाले, तुमच्या वस्तीची पाच वर्षांची मर्यादा त्याच इमारतीत संपली आहे. उत्तर नियमाला धरून होते. त्या वाडीची विहीर चैत्रात मचूळ होते आणि आया वरच्या वाडीतून हंडे आणतात. समाजमंदिर नको होते असे मी म्हणत नाही. बुद्धवंदनेला, लग्नाला, मयताच्या शोकसभेला जागा लागतेच. पण ठराव करताना वाडीत बाराही महिने राहणाऱ्या बायांना कोणी विचारले होते का? ठराव मे महिन्यात, सुट्टीवर आलेल्या पुरुषांच्या बैठकीत ठरला होता.

त्यात दोष एकट्या ग्रामपंचायतीचा नाही, आपलाही आहे. देखभालीसाठी पैसे मुळीच नसतात, हा समजही पूर्ण खरा नाही. वित्त आयोगाचा पाणी-स्वच्छतेचा जो बांधलेला हिस्सा आहे, त्यातून पाणीपुरवठ्याची आणि गटारांची दुरुस्ती करता येते. ग्रामपंचायतीच्या १५ टक्क्यांतूनही वस्तीची लहान कामे होतात. पण ती मागावी लागतात, आणि आपण मागतो ते नवे बांधकाम. फलक नव्या कामाला लागतो, दुरुस्तीला लागत नाही.

जमिनीचा अडथळा मात्र खरोखर मोठा आहे. कामाच्या प्रस्तावाला ग्रामपंचायतीचा ठराव, लोकसंख्येचा दाखला, अभियंत्याचे अंदाजपत्रक आणि जागेचा उतारा लागतो. आपल्या कोकणात खोतीचा जमाना गेला, पण सातबारावर पणज्याचे नाव आणि खाली बारा-पंधरा वारस, त्यांतले निम्मे मुंबईला, एक-दोन कोठे आहेत ते ठाऊक नाही, ही स्थिती घरोघरी आहे. एका संमतीपत्रावरील एका सहीसाठी मार्च महिना निघून जातो आणि त्या वर्षीचा निधी दुसऱ्या वस्तीला जातो. मुंबई शाखेने वर्गणीइतकेच लक्ष या सह्यांकडे दिले तर मोठे काम होईल. वारसनोंदी करून घेणे आणि सामायिक जागेचे संमतीपत्र आधीच तयार ठेवणे, ही दोन कामे मे महिन्याच्या सुट्टीत, सर्वजण गावी असताना होण्यासारखी आहेत.

ग्रामसभेबद्दल विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द. २४ एप्रिल १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेचे स्थान मिळाले. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सभासद असते, मग ती बोलो वा न बोलो. पुढील वर्षाच्या आराखड्याची चर्चा २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. आपले अशोक विजयादशमीचे दिवस तेच. त्या वेळी १५ टक्क्यांचा मागील वर्षाचा हिशेब मागावा. किती जमा, किती खर्च, कोणत्या कामावर, शिल्लक पुढे ओढली काय, एवढे चारच प्रश्न. विचारताना आवाज चढवण्याची गरज नाही. बी.ए. झालेल्या मुलानेच विचारले पाहिजे असेही नाही. बँकेच्या खिडकीवर निराधार योजनेचे पैसे काढायला येणाऱ्या आज्या आपल्या पासबुकातील आकडा बरोबर ओळखतात. अक्षर येत नसले तरी एका महिन्याची रक्कम आली नाही, हे त्या मला माझ्याआधी सांगतात.

जनगणनेचेही लक्षात ठेवावे. पुढील गणती १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाची आहे आणि तीत जातीची नोंद होणार आहे, असे केंद्र शासनाने २०२५ मध्ये जाहीर केले. १९९० च्या कायद्यातील दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या यादीत स्थान मिळाले. त्यामुळे धर्म बौद्ध लिहिला तर सवलत जाते, ही जुनी भीती आता मनातून काढावी. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात अनुसूचित जातीची नोंद, या दोन्ही गोष्टी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना आधी समजावून सांगाव्यात. वाडीचा निधी ज्या दाखल्यावर ठरतो तो ग्रामसेवक देतात (२०२४ पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात). त्यासाठी वाडीची घरोघर यादी आपणच तयार ठेवावी. यादी खरी असावी. नालासोपाऱ्याच्या माणसाला वाडीत दाखवून स्लॅब ओलांडण्याचा सल्ला मी देणार नाही, तसा सल्ला देणारे भेटतात. पण बाळंतपणाला आलेली आणि येथेच राहिलेली लेक, शाळेसाठी आजीकडे ठेवलेला नातू, ही माणसे यादीतून गळतात. ती गळू नयेत.

आता आपल्या संघाच्या पैशाचा विचार. या स्मरणिकेच्या जाहिराती, वर्गणी आणि देणग्या यांतून जी रक्कम उभी राहते तिच्यातून पुन्हा बांधकामच करावे असा आग्रह दरवर्षी होतो. माझे मत वेगळे आहे. बांधकामाला सार्वजनिक निधी आहे, तो मिळवावा. संघाचा पैसा निधी जेथे पोचत नाही तेथे जावा. समाजमंदिराचे वीजबिल, अभ्यासिकेत संध्याकाळी दिवा लावून बसणाऱ्या मुलाचे मानधन, दोन वर्तमानपत्रे, तालुक्याला कागद घेऊन जाणाऱ्याचे एस.टी.चे भाडे. रकमा लहान आहेत, पण त्या नसल्या म्हणजे लाखांची इमारत कुलपात राहते.

ज्या वाडीची हकीकत वर सांगितली, तेथील उपासिकांनी या वेळी स्वतः बसून मागण्यांची यादी केली आहे. पाच मागण्या आहेत. समाजमंदिराचे पत्रे तिसऱ्या क्रमांकावर आहेत. पहिली मागणी हातपंपाच्या दुरुस्तीची आणि दुसरी पाखाडीच्या कठड्याची, कारण पावसात तेथे दोघीजणी घसरल्या. अर्जावर एकवीस सह्या आणि सात अंगठे आहेत. तो दोन प्रतींत नेऊन एका प्रतीवर पोच घ्यायची, असे ठरले आहे.