चित्रपटाची तबकडी आणि चित्रगती

चित्रपटाच्या फितीवर हलणारे असे काहीच नसते. तिच्यावर ओळीने उमटलेली असतात ती स्थिर छायाचित्रे. ती ठराविक वेगाने पडद्यावर पडू लागली म्हणजे डोळ्यांना हालचालीचा भास होतो. एका सेकंदात जितकी चित्रे दाखविली जातात, त्या संख्येस चित्रगती असे म्हणतात.

आज घरोघरी आणि ग्रंथालयांत चित्रपटांच्या जुन्या डीव्हीडी तबकड्या आहेत. तबकड्या कालांतराने खराब होतात आणि त्या वाजविणारी यंत्रेही दुर्मिळ होत चालली आहेत. म्हणून त्यांवरील चित्रपट संगणकाच्या डिजिटल धारिकेत उतरवून ठेवण्यात येतात. या कामी सर्वांत अधिक चुका चित्रगतीच्या बाबतीत होतात. तबकडीवर नोंदलेली चित्रगती आणि चित्रपटाची मूळ चित्रगती या दोन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात, हे ध्यानात न आल्यामुळे त्या घडतात.

दोन माध्यमांचे दोन वेग

मूकपटांच्या काळी चित्रगती एकच एक नव्हती. १९२७ च्या सुमारास बोलपट आले आणि ध्वनी फितीवरच मुद्रित होऊ लागला. फितीचा वेग बदलला की आवाजाची पट्टी बदलते. म्हणून सेकंदाला २४ चित्रे हा वेग कायम करण्यात आला. १९३१ साली ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला, तेव्हापासून भारतीय बोलपटही याच वेगाने चालत आले.

दूरचित्रवाणीचा वेग मात्र त्या त्या देशातील विजेच्या प्रवाहावरून ठरला. अमेरिकेत प्रवाहाची आवर्तने सेकंदाला ६० असल्यामुळे तेथे ३० चित्रे, तर युरोपात आणि भारतात आवर्तने ५० असल्यामुळे २५ चित्रे घेण्यात आली. पुढे १९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत प्रक्षेपणाची एन.टी.एस.सी. पद्धती मंजूर झाली. रंगाचा संकेत आणि ध्वनीचा संकेत एकमेकांत मिसळून चित्र बिघडू नये, यासाठी ३० हा वेग किंचित उतरवून २९.९७ करण्यात आला. भारतात १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते २५ चित्रांच्या पाल पद्धतीने. डीव्हीडी तबकड्याही या दोन पद्धतींच्या निघाल्या.

चार चित्रांची पाच चित्रे

आता असा प्रश्न उद्भवतो, की २४ चित्रांचा चित्रपट ३० चित्रांच्या दूरचित्रवाणीवर कसा दाखवावा? याचे उत्तर समजण्यासाठी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. जुन्या दूरचित्रवाणीवर प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत रेखाटले जाई; प्रथम विषम क्रमांकाच्या ओळी, नंतर सम क्रमांकाच्या. अशा प्रत्येक हप्त्यास आपण अर्धचित्र म्हणू.

चित्रपटातील लागोपाठची चार चित्रे क, ख, ग, घ अशी आहेत असे समजा. त्यांपैकी क पासून २, ख पासून ३, ग पासून २ आणि घ पासून ३ अर्धचित्रे घेतात. एकूण अर्धचित्रे १० झाली. त्यांच्या जोड्या लावल्या असता कक, खख, खग, गघ आणि घघ अशी पाच चित्रे तयार होतात. चाराची पाच झाली, म्हणजेच चोविसाची तीस झाली. (वेग २९.९७ असल्याने मूळ चित्रपटही २४ ऐवजी २३.९७६ या वेगाने चालवावा लागतो.)

या पाचांपैकी तिसरे आणि चौथे चित्र मिश्र आहे, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. धावणारा घोडा अशा चित्रात दोन ठिकाणी दिसतो आणि त्याच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या फाटलेल्या दिसतात.

पाल पद्धतीत निराळा मार्ग पत्करला जातो. तेथे २४ चित्रांचा चित्रपट बहुधा सरळ २५ च्या वेगाने चालवितात. त्यामुळे १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो. आवाजाची पट्टी मुद्दाम सुधारली नसेल, तर तीही सुमारे चार टक्क्यांनी चढते. हार्मोनियमच्या लगतच्या दोन स्वरांमध्ये जेवढे अंतर असते, त्याहून हे थोडे कमी. पण गाण्याच्या जाणकार कानांना ते खटकते.

रूपांतराची रीत

यावरून रूपांतराचा नियम सहज सुचतो: मूळ चित्रे जितकी होती तितकीच परत मिळवावी, एकही गाळू नये आणि एकही वाढवू नये.

एन.टी.एस.सी. तबकडीत दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात तबकडीवर मूळ चित्रेच साठविलेली असून कोणते अर्धचित्र पुन्हा दाखवावे, एवढी सूचना सोबत असते. येथे ती सूचना बाजूला ठेवली की २३.९७६ चा मूळ क्रम आपोआप मिळतो. दुसऱ्या प्रकारात मिश्र चित्रे तबकडीवरच मुद्रित झालेली असतात. येथे तिसऱ्या चित्रातील ग चा अर्धा भाग चौथ्या चित्रातील त्याच्या जोडीदाराशी जुळवून अखंड ग तयार करावा लागतो. अशी जुळणी झाल्यावर प्रत्येक पाचांतून एक जास्तीचे चित्र काढून टाकतात. जुळणी न करता पाचवे चित्र गाळले, तर फाटक्या कडा तशाच राहतात. उलट, सर्व चित्रे सरसकट पुसट करून कडा लपविल्या, तर चित्रपटाची सुबकता नष्ट होते.

दशांश चिन्हापुढील आकडेही क्षुल्लक मानू नयेत. २३.९७६ ऐवजी २४ हा वेग चित्रांना दिला आणि ध्वनी तसाच ठेवला, तर तासाभरात ३.६ सेकंदांचा फरक पडतो. तीन तासांच्या हिंदी चित्रपटाच्या अखेरीस ओठ आणि शब्द यांत जवळजवळ अकरा सेकंदांचे अंतर पडेल.

पाल तबकडीवरील वेगवान चित्रपट २४ वर आणताना ध्वनीही त्याच प्रमाणात संथ केला पाहिजे. आवाजाची पट्टी आधीच सुधारलेली असल्यास ती तशीच राखून केवळ कालावधी वाढवावा. मात्र जो कार्यक्रम दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यानेच टिपलेला असेल, उदाहरणार्थ क्रिकेटचा सामना, त्याला वरील रीत लावू नये. कारण तेथे प्रत्येक अर्धचित्र निराळ्या क्षणाचे असते.

मूकपटांची गोष्ट

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रदर्शित झाला. त्या काळी कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवीत, आणि १६ ते २० च्या आसपासच्या गती सर्वसाधारण होत्या. सेकंदाला १६ चित्रे या वेगाने टिपलेला मूकपट २४ च्या वेगाने दाखविला, तर माणसे दीडपट वेगाने तुरुतुरु चालू लागतात आणि गंभीर प्रसंगाचेही हसू होते. दोष त्या नटांचा नसून रूपांतराचा असतो. अशा वेळी चालणाऱ्या माणसाचे पाऊल, वरून ओतले जाणारे पाणी, खाली पडणारी वस्तू यांचे निरीक्षण करून योग्य वेग ठरवावा लागतो.

करून पाहा

एखादी चित्रपटाची डीव्हीडी संगणकावर लावून वेगवान हालचालीचा प्रसंग निवडा, आणि एकेक चित्र पुढे सरकवीत कडा तपासा. तीन चित्रे स्वच्छ आणि दोन फाटकी असा क्रम सतत दिसला, तर मूळ २४ चित्रांची ३० केलेली आहेत असे समजावे. सर्वच चित्रे फाटकी असतील, तर कार्यक्रम बहुधा दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याने टिपलेला आहे. एकही फाटके नसेल, तर तबकडीवर मूळ चित्रे अखंड आहेत. मग ती २३.९७६ ची की २५ ची, एवढेच पाहावयाचे उरते. ही तपासणी दहा मिनिटांत होते. ती न करता उतरविलेला चित्रपट मात्र, मूळ तबकडी निकामी झाल्यावर, त्याच चुकीसह पुढील पिढीच्या हाती जातो.