जुन्या एंजिनास नवा कार्बुरेटर

मनुष्यास अन्नाइतकीच श्वासाची गरज असते. आणि या दोहोंचें प्रमाण बिघडलें कीं धडधाकट शरीरहि खंगूं लागतें. पेट्रोलवर चालणाऱ्या एंजिनाची स्थिति याहून निराळी नाहीं. त्याला लागणारी हवा व पेट्रोल यांचा मेळ धातूच्या ज्या लहानशा पात्रांत घातला जातो, त्यास कार्बुरेटर म्हणतात. नव्या मोटारींत हें काम आतां विजेच्या नियंत्रणाखालीं इंधन फवारणारी योजना करते. तथापि जुनी जीप किंवा छोटा ट्रक जपून ठेवणारीं कुटुंबें आपल्या विदर्भांत अद्यापि आहेत. अशा गाडीचा मूळचा कार्बुरेटर झिजला म्हणजे बाजारांतील बदली कार्बुरेटरांपैकीं कोणता घ्यावा, हा प्रश्न पडतो. निवड चुकली तर पैसा जातो, पेट्रोल जातें, आणि प्रसंगीं एंजिनहि जातें. म्हणून या निवडीचीं कांहीं तत्त्वें आम्ही येथें सांगणार आहों.

उदाहरणादाखल विलीज जीपचें चार सिलिंडरांचें एंजिन घेऊं. दुसऱ्या महायुद्धांत ही गाडी जगभर पोंचली. १९४५ सालीं स्थापन झालेल्या व १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कंपनीनें स्वातंत्र्यानंतर मुंबईंत विलीज जीप जुळविण्यास आरंभ केला. पुढें याच एंजिनाचा ‘हरिकेन’ नांवाचा सुधारलेला प्रकार जीपमध्यें आणि एफ. सी. १५० या छोट्या ट्रकमध्यें आला. त्याची आंत घेणारी झडप माथ्यांत व बाहेर सोडणारी झडप खालच्या ठोकळ्यांत असते. दोन्ही प्रकारांचें माप सुमारें २१९९ घनसेंटिमीटर आहे. अमेरिकेंत यांवर कार्टर जातीचा एका नळीचा कार्बुरेटर असे. बदली म्हणून सोलेक्स जातीचेहि पुष्कळ बसविले गेले.

आतां कार्बुरेटर काम कसें करतो तें पाहूं. नदीचें पात्र अरुंद झालें कीं प्रवाह वेगानें धांवतो. त्याचप्रमाणें कार्बुरेटरच्या नळीस मध्यें एक अरुंद कंठ असतो. तेथें हवेचा वेग वाढतो व दाब उतरतो. वेग आणि दाब यांचा हा संबंध बर्नुली या शास्त्रज्ञानें १७३८ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडला होता. दाब उतरल्यामुळें शेजारच्या कुंडींतील पेट्रोल जेट नांवाच्या बारीक छिद्रांतून वर खेंचलें जातें व त्याचे तुषार होतात. कुंडींत पेट्रोलची पातळी सारखी राहावी म्हणून एक तरंगता फुगा असतो. पातळी चढली कीं तो सुईवजा झडप बंद करतो. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारें १४.७ पट हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागें सुमारें नऊ हजार लिटर!

यावरून निवडीचें पहिलें तत्त्व निघतें: कार्बुरेटर एंजिनाच्या श्वासाच्या मापाचा असावा. मोठा कार्बुरेटर म्हणजे अधिक शक्ति, अशी समजूत पुष्कळांची असते. विद्यार्थी मित्रहो, हें गणित तुम्हीच करून पाहा. चार धांवांच्या एंजिनांत दोन फेऱ्यांत एकदां हवा आंत घेतली जाते. म्हणून मिनिटास ४००० फेऱ्यांना २.१९९ लिटरांचें एंजिन फार तर ४४०० लिटर हवा ओढील. प्रत्यक्षांत सिलिंडर पूर्ण भरत नाहीं. ऐशीं टक्के धरले तर सुमारें ३५०० लिटर, म्हणजे सेकंदास ५८ लिटर होतात. समजा, एका कार्बुरेटरचा कंठ २६ मिलिमीटर व्यासाचा आहे, तर दुसऱ्याचा ३२. पहिल्यांत हवेचा सरासरी वेग सेकंदास सुमारें ११० मीटर येतो, दुसऱ्यांत केवळ ७३. ओढ ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. म्हणून दुसऱ्यांतील ओढ पहिल्याच्या निम्म्याहूनहि कमी! ओझें लादलेली गाडी २००० फेऱ्यांवर चढ चढत असतां हे वेग ५५ व ३६ वर येतात. अशा मंद हवेंत पेट्रोलचे नीट तुषार होत नाहींत. एंजिन अडखळतें व पेट्रोल मात्र अधिक पितें. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथेंहि खरी ठरते.

दुसरें तत्त्व जुळणीचें. खालच्या पट्टीवरील बोल्टांचें अंतर, नळीचा व्यास, ॲक्सिलरेटरच्या दांड्याची दिशा, चोकची तार आणि हवेच्या गाळणीचा जोड, हीं सर्व जुन्याशीं ताडून पाहावीं. हवा वरून खालीं ओढणाऱ्या कार्बुरेटरच्या जागीं आडवा किंवा खालून वर ओढणारा घेऊं नये. बैठकीच्या फटींतून चोरटी हवा शिरली तर उत्तम कार्बुरेटरहि निकामी ठरतो. पेट्रोल पंपाचा दाब नव्या सुईस पेलेल अशी खात्रीहि करून घ्यावी. न पेलल्यास पेट्रोल ओसंडून तापलेल्या नळीवर पडेल व आग लागेल. म्हणून पहिल्यांदा एंजिन सुरू करतांना वाळूची बादली जवळ असावी, आणि विडीकाडी दूर.

तिसरें तत्त्व देशकालाचें. मे महिन्यांत नागपुरांत पारा ४५ अंशांवर जातो. पेट्रोलमधील हलके अंश याहून कमी उष्णतेंतच उकळूं लागतात. मग नळींत वाफ अडकून गाडी मध्येंच बंद पडते. यास्तव कार्बुरेटर व एंजिन यांच्यामध्यें उष्णता अडविणारी जाड चकती अवश्य बसवावी. शिवाय, २०२५ सालीं देशांतील पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोंचलें. इथेनॉलला स्वतःच्या वजनाच्या नऊपटच हवा पुरते. म्हणून या मिश्र इंधनास १४.७ ऐवजीं सुमारें १३.५ पट हवा पुरे. जुन्या जेटमधून तें पूर्वीइतकेंच आलें तर पेट्रोलचा वांटा कमी पडून एंजिन तापतें. जेटचा व्यास १.१५ वरून १.२० मिलिमीटर केल्यास छिद्राचें क्षेत्रफळ सुमारें नऊ टक्क्यांनीं वाढतें. इतक्याशा फरकानें काम भागूं शकतें. म्हणून ज्याचे जेट बदलून मिळतात व ज्याचें रबर इथेनॉलला टिकतें, असाच कार्बुरेटर घ्यावा.

पालकांस एक सूचना. नवा कार्बुरेटर घेण्यापूर्वीं जुनाच दोषी आहे काय, हें तपासून घ्यावें. काँटॅक्ट पॉइंट जळलेले असले, झडपा नीट बसत नसल्या किंवा हवेची गाळणी धुळीनें कोंडली असली, तरी दोष कार्बुरेटरच्याच माथीं मारला जातो. पुष्कळदां साफसफाई व दुरुस्तीचें किट एवढ्यानेंच काम होतें. परंतु थ्रॉटलचा दांडा आपल्या भोंकांत खिळखिळा झाला असेल, तर तेथून हवा शिरते. मग बदल करणेंच इष्ट. बदलानंतर कांहीं मैल गाडी चालवून स्पार्क प्लग काढून पाहावा. तो तांबूस करडा असेल तर प्रमाण ठीक. काजळी धरली असेल तर पेट्रोल अधिक. पांढरा पडला असेल तर पेट्रोल कमी. दुकानदाराच्या शब्दाहून ही साक्ष अधिक खरी.

सारांश, किंमत आणि नांव यांचा विचार शेवटीं करावा. आधीं एंजिनाचा श्वास मोजावा, मग जोड ताडावा, मग आपल्या हवेचा व इंधनाचा विचार करावा. शाळेंत शिकलेलें क्षेत्रफळाचें सूत्र घरच्या गाडीचें पेट्रोल वांचवूं शकतें, हें ज्या मुलास एकदां उमगलें, त्यास गणित रुक्ष आहे असें पुन्हां वाटणार नाहीं.