घरून काय खाऊन आलात?

‘घरून काय खाऊन आलात, काकू?’ हे हॉस्पिटलच्या ज्या आहारतज्ज्ञ मॅडमनी मला विचारलं, त्यांच्याच सहीचा आहाराचा कागद माझ्या उशाशी होता. माझा राग आहे तो त्या प्रश्नावर. डायलिसिसवर असलेल्या माणसाचं पोटॅशियम कधी ना कधी चढतंच, त्यासाठी कुणी कुणाच्या अंगावर जात नाही. पण चढवायचं कुणी आणि बोल खायचे कुणी, याला काही धरबंद?

माझी सिटिंग्ज सोमवार, बुधवार, शुक्रवार. शुक्रवार ते सोमवार हा गॅप सगळ्यांत वाईट, हे आमच्या सेंटरवर नवा पेशंटसुद्धा लवकरच शिकतो. त्या शुक्रवारी मशीनवरून उठून घरी आले आणि थंडी वाजून ताप भरला. सेंटर बंद झालेलं. लेकीनं तिच्या घराजवळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. चकचकीत सगळं. ताटावर चिठ्ठी, ‘रीनल डाएट’. ह्यांना हायसं वाटलं. म्हणाले, बघ, इथे सगळं कसं व्यवस्थित आहे.

सकाळी खोलीत आलं शहाळं. मी ते परत पाठवलं. एका शहाळ्यात पाचशे-सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम सहज असतं आणि आम्हाला दिवसभराचं मिळून साधारण २००० ते २५०० मध्ये बसवायचं असतं. शिवाय ते पाणीच, माझ्या दिवसाच्या मापातलं. तर फाइलमध्ये नोंद झाली, ‘पेशंट आहार घेण्यास नकार देते’. दुपारी मऊ भात, दुधी, टोमॅटोचं सूप. डाळ नाही, अंडं नाही. आणि मिठाची छोटी पुडी, वर हिरवं पान छापलेलं. सूप बाजूला सारलं. पुडीबद्दल मॅडमना विचारलं, हे मला चालतं का? त्या हसून म्हणाल्या, ‘अहो काकू, लो सोडियम आहे, तुमच्यासारख्यांसाठीच असतं.’ रात्री पुन्हा विचारलं, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, स्वयंपाकघरात किडनीवाल्यांच्या सगळ्या भाज्यांत हेच मीठ पडतं.

रविवारी संध्याकाळी बाथरूमला जायला उठले तर मांड्यांत जीवच नाही. पलंगाच्या कडेला हात टेकून उभी, पाऊल उचलेना. ड्यूटीवरचे डॉक्टर तरुण होते, बिचारे दमलेले. म्हणाले, तापाचा अशक्तपणा. मी म्हटलं, तापाचा अशक्तपणा मला माहीत आहे, तुम्ही आत्ता पोटॅशियम बघा आणि ईसीजी काढा. त्यांनी काढला, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. रिपोर्ट आला ७.१. मग धावाधाव. कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन, ग्लुकोजमधून इन्सुलिन, नेब्युलायझर, आणि रात्रीच मशीन.

मशीन लावायला तयारी चालली होती तेवढ्या वेळात मी ह्यांना म्हटलं, ती कचऱ्यातली पुडी द्या. त्यांचा चष्मा घातला. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं, पोटॅशियम क्लोराईड. सोडियम कमी करायचं म्हणजे त्याच्या जागी काहीतरी घालावं लागतं ना, ते हे. ब्लडप्रेशरवाल्या, किडनी धड असलेल्या माणसाला ते चांगलंही असेल. मला ते ताटाताटातून वाढलं जात होतं. छातीवर ईसीजीच्या तारा आणि हातात ती पुडी. भीती वाटायच्या आधी मला हसू आलं, खरंच.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या आणि तो प्रश्न. मी पुडी दाखवली. त्या म्हणाल्या, ‘तापातही वाढतं हो.’ वाढतं, मला माहीत आहे. गॅपमध्येही वाढतं. म्हणून तर वरून आणखी घालायचं नसतं! पण ‘आमचं चुकलं’ हे दोन शब्द काही त्या तोंडातून बाहेर पडले नाहीत. उलट ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, यांच्या डब्यावर लक्ष ठेवा. डबा घरून येतच नव्हता.

त्याच सोमवारी माझ्या नेहमीच्या नेफ्रॉलॉजिस्टना मॅडमच्या सहीचा तो आहाराचा कागद पाठवला. त्यांनी फोनवर सांगितलं, हा कागद डायलिसिसच्या पेशंटचा नाहीच. किडनी कमजोर आहे पण मशीन सुरू नाही, अशांसाठीचा आहे. म्हणून त्यात डाळ बंद, अंडं बंद. मशीन सुरू झालं की उलट व्हायला लागतं, कारण दर सिटिंगला अंगातली प्रथिनं थोडी धुऊन जातात. तेव्हा वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं रोज पोटात जावी लागतात. हे आमच्या घरीही पटवायला मला जीव काढावा लागला होता. जाऊबाई अजून माझ्या ताटातली डाळ बघून तोंड वाकडं करतात.

तेव्हा कुणीही आहाराचा कागद हातात ठेवला की आधी विचारा, हा डायलिसिसवाल्याचा आहे का, आणि तुम्ही माझा या महिन्याचा रिपोर्ट बघितलात का. दोन्हीला ‘हो’ नसेल तर घडी घालून ठेवून द्या. मिठाच्या प्रत्येक पाकिटाची मागची बाजू वाचा. कुणी सैंधव सुचवलं तर तेही शेवटी मीठच, उपवासाचं म्हणून काही कमी होत नाही. गुळाचं, नाचणीच्या सत्त्वाचं, खजुराचं कौतुक करणारे पाहुणे येतात, त्यांना चहा द्या आणि डबा सोबत परत द्या.

भाज्यांबद्दल अर्धवट सांगितलं जातं. नुसत्या भिजवून ठेवल्या तर पोटॅशियम फारसं जात नाही. बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी मोरीत ओतायचं. आपल्या बायकांना हेच जड जातं, सगळं सत्त्व गेलं म्हणून हळहळतात. दुधी, दोडका, पडवळ, कोबी यांच्यावर माझं भागतं. फळांत सफरचंद, पेअर, अननसाच्या दोन फोडी. कमरख मात्र कधीच नाही, कुणी प्रेमानं घरच्या झाडाचं आणलं तरी नाही. आमच्यासारख्यांना त्यानं उचकी लागून पार फिट येण्यापर्यंत मजल जाते.

फॉस्फरसच्या गोळ्या जेवणाच्या घासाबरोबरच घ्यायच्या, त्या अन्नातला फॉस्फरस पोटातच धरतात. तिथल्या सिस्टर त्या सकाळी दहाला, रिकाम्या पोटी, बाकीच्या गोळ्यांच्या वाटीत आणून द्यायच्या. मी त्या उशाखाली ठेवून ताटाबरोबर घेतल्या. त्यावरूनही बोलणी खाल्ली. फिस्टुलाच्या, म्हणजे मशीनच्या सुया जातात त्या हातावर सैल पट्टी बांधून त्यावर ठळक लिहून ठेवा, ‘बीपी नाही, सुई नाही’. नव्या वॉर्डात दर शिफ्टला नवा माणूस तोच हात धरतो.

पाण्याचं सगळ्यांना माहीत आहे. बाटली मोजून भरायची, तोंड कोरडं पडलं तर चूळ भरायची, मीठ कमी तर तहान कमी. मन खंबीर ठेवा, थोडं चाला, हेही सगळे सांगतात, मीही सांगते.

जयप्रकाश नारायण १९७५ नंतर जसलोकमध्ये डायलिसिसवर होते तेव्हा ती देशभरची बातमी होती. आता २०१६ च्या राष्ट्रीय कार्यक्रमानंतर जिल्हा रुग्णालयांत मशीनं आली, महात्मा फुले योजनेत फुकट सिटिंग्ज मिळतात. मशीन सगळीकडे पोचलं, ताट वाढणाऱ्यापर्यंत मात्र काही पोचलेलं नाही. म्हणून ॲडमिट व्हाल तिथे रोज ताटाचा फोटो काढा, चिठ्ठीसकट. आम्ही शेवटच्या दिवशी काढले, त्यातल्या एकात पुडी स्पष्ट दिसते. फाइलची झेरॉक्स मागा. द्यावी लागते त्यांना.

त्या रात्रीच्या डायलिसिसचं बिल आम्हालाच लावलं, ‘इमर्जन्सी चार्जेस’ वेगळे. मी लेखी अर्ज दिला, फोटो आणि पुडी जोडून. पुडी मूळ दिली नाही, तिचीही झेरॉक्स. उत्तर आलं की आपल्या सूचनांची नोंद घेतली आहे. सूचना नव्हती ती, तक्रार होती. पुन्हा अर्ज दिलाय, या वेळी वर मोठ्या अक्षरांत ‘तक्रार’ असं लिहून, आणि खाली बिलाची रक्कम आकड्यात आणि अक्षरात.