सर्टिफिकेट घरपोच नको

वाई

चि. रोहन यास,


काल ताईचा फोन आला. वीस पूर्ण झाल्याबरोबर तू हेवी लायसन्सच्या मागे लागलास, हे ऐकून बरं वाटलं. पण 'क्लासला यायची गरज नाही, सर्टिफिकेट घरपोच देतो' असं कोणी एजंट म्हणाला आणि तू त्याला ॲडव्हान्स देऊन बसलास, हेही तिनं सांगितलं. फोनवर तू नुसता 'हो मामा, हो मामा' करतोस, म्हणून लिहितोय.

ट्रान्सपोर्टच्या लायसन्सला वय वीस लागतं, हलक्या गाडीचं लायसन्स निदान वर्षभर जुनं लागतं, डॉक्टरांचा नमुना १-अ मधला दाखला आणि मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं नमुना ५ चं प्रमाणपत्र लागतं. तुझा एजंट विकतोय ते हे शेवटचं. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली, तेव्हा तुझ्या त्या सहावीत शाळा सोडलेल्या दोस्तालाही वाट मोकळी आहे. मात्र कारच्या लायसन्सवर ट्रक चालतो, असं तो छातीठोकपणे सांगतो ते अर्धंच खरं. सुप्रीम कोर्टाचा नोव्हेंबर २०२४ चा निकाल एकूण वजन ७५०० किलोपर्यंतच्या गाड्यांचा आहे. त्यात छोटा टेम्पो बसतो, दहा चाकी बसत नाही.

२०२१ च्या नियमांनी जी मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रं निघाली, तिथं हेवीचा कोर्स सहा आठवड्यांचा, ३८ तासांचा असतो. तिथली परीक्षा पास झालास की आरटीओची वेगळी ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागत नाही. मला विचारशील तर ३८ तास हेही थोडेच. पण घरपोच सर्टिफिकेटात एक तासही नाही.

सिम्युलेटरवर बसवतील तेव्हा हसू नकोस, पण जीव लाव तो घाटाच्या धड्यात. आपला पसरणी घाट चढताना भरल्या गाडीला जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये ती उतरवायची. उतार फारच असेल तर आणखी एक खाली. आणि तो टाकायचा उतार लागण्याआधी. अर्ध्या उतारात बदलायला गेलास आणि गिअर पडला नाही, तर गाडी न्यूट्रलला राहते नि हातात उरतो नुसता ब्रेक. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की लायनर तापतात, करपल्याचा वास सुटतो, ड्रम फुगतो, आणि मग पॅडल कितीही दाबलं तरी गाडी धरत नाही. त्यात सारखं पंपिंग केलं तर कंप्रेसर भरेल त्याहून लवकर ब्रेकची हवा संपते. डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल मारणारे उस्ताद तुला भेटतीलच. त्यांच्या शेजारच्या सीटवरसुद्धा बसू नकोस.

सकाळी हवेच्या टाक्यांतलं पाणी काढायचं. हवा पूर्ण भरली की इंजिन बंद करून जरा काट्याकडे बघत बसायचं. काटा खाली सरकतोय म्हणजे कुठंतरी गळती आहे, गाडी हलवायची नाही. बसवर गेलास तर आणखी एक: मागच्या चाकांच्याही मागे बरीच बॉडी असते. स्टँडवरून उजवीकडं वळताना ती डावीकडं झाडू मारते, आणि तिथंच माणसं पिशव्या घेऊन उभी असतात. टँकरचा विचार असेल तर धोकादायक मालासाठी तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. ते नंतर बघू.

मालकाशी बोलताना एवढं माहीत असू दे. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा २०२५ पर्यंत लागू होता. तो दिवसाला आठ तास सांगायचा, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. तासांचं बोललास तर मालक हसेल, कदाचित गाडीवरून उतरवेलही. तरी डोळा लागायला लागला की चहा मारून पुढं रेटायचं नाही, गाडी बाजूला लावायची. उशिराचं काय ते माझं नाव सांग.

एजंटाचे पैसे परत मागून बघ, नाही दिले तर पाणी सोड. कोर्सच्या फीचं मी बघतो, ताईला एवढ्यात बोलू नकोस. त्याआधी डोळे तपासून घे. सुमीच्या लग्नात तुला लांबचा बोर्ड वाचता येत नव्हता, माझ्या लक्षात आलंय. चष्म्यावरही लायसन्स मिळतं, लाजायचं काही कारण नाही.

तुझा,
मामा